इंजिनाचा ठोका ऐकणारा सेन्सर: बाहेरचा बसवावा का?

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला जातो, पडद्यावर ‘पी ०३२५’ असा संकेतांक उमटतो आणि वाहनमालकापुढे दोन भाव ठेवले जातात. एक भाव ‘कंपनीच्या’ नॉक सेन्सरचा, म्हणजे इंजिनाचा ठोका ऐकणाऱ्या भागाचा, असतो, दुसरा त्याच्या निम्म्याहूनही कमी किमतीच्या ‘बाहेरच्या’ सेन्सरचा. म्हापशाच्या गॅरेजमध्ये विचारा किंवा मडगावच्या, दोन्ही पर्याय मिळतात आणि दोन्हींच्या बाजूने बोलणारी माणसेही मिळतात. हा भाग मुठीत मावेल एवढा असतो आणि त्यात फिरणारे किंवा झिजणारे काहीच दिसत नाही. मग एवढ्याशा वस्तूसाठी जास्त पैसे का मोजावेत, हा प्रश्न रास्त आहे. त्यातच वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून २०२५ मध्ये देशभर वाद पेटला आणि इंजिनातला प्रत्येक आवाज इथेनॉलच्या खात्यावर जमा होऊ लागला. म्हणून हा सेन्सर काय ऐकतो आणि त्याच्या जागी दुसरा बसवला तर काय बदलते, हे मुळापासून पाहू.

ठोका म्हणजे नेमके काय

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि इंधन यांचे मिश्रण दाबले जाते आणि पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या किंचित आधी स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. ठिणगीपासून निघालेली ज्योत मिश्रणातून पुढे सरकत जाते, दाब क्रमाने वाढतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. हे सारे सेकंदाच्या काही हजाराव्या भागात उरकते, तरीही ते शिस्तीचे जळणे असते. कधी कधी मात्र ज्योत पोहोचण्यापूर्वीच कडेला उरलेले मिश्रण दाबामुळे आणि उष्णतेमुळे आपोआप पेट घेते. मग दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर उलटसुलट आदळू लागतात आणि बाहेर बारीक, धातूवर टकटक केल्यासारखा आवाज येतो. गॅरेजमध्ये याला नॉकिंग म्हणतात. या लेखात आपण त्याला ठोका म्हणू.

केरीहून चोर्ला घाट चढताना गाडीत पाच माणसे आहेत, एसी चालू आहे आणि चालक वेग पडला तरी चौथा गिअर सोडायला तयार नाही, ही ठोक्याला आयते आमंत्रण देणारी स्थिती आहे. इंजिनावर भार जास्त आणि फेरे कमी असले की शेवटच्या मिश्रणाला तापायला भरपूर वेळ मिळतो. अधूनमधून हलका ठोका आल्याने लगेच काही मोडत नाही. जोराचा ठोका बराच काळ चालू राहिला तर मात्र पिस्टनच्या रिंगांमधले कंगोरे तुटतात, पिस्टनचा माथा खरवडल्यासारखा होतो, हेड गॅस्केट जाते आणि खर्चाचा आकडा सेन्सरच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

अडचण अशी की चांगली ताकद आणि चांगले मायलेज ठोक्याच्या सीमेजवळच मिळतात. ठिणगी थोडी लवकर टाकली तर काही मर्यादेपर्यंत ताकद वाढते, पण ठोकाही जवळ येतो. उशिरा टाकली तर ठोका टळतो, पण ताकद घटते, पेट्रोल जास्त लागते आणि धुरातून बाहेर जाणारी उष्णता वाढते. पूर्वी यावर उपाय म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत. ते विषारी असल्याने आणि धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याने निकामी होत असल्याने बंद झाले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १ फेब्रुवारी २००० पासून थांबली. दुसरा उपाय होता ठोका ऐकून ठिणगीची वेळ जागच्या जागी बदलण्याचा. १९७८ मध्ये अमेरिकेतील ब्यूक कंपनीच्या टर्बो गाड्यांत तो आला आणि आज बहुतेक पेट्रोल मोटारींत तो आहे. डिझेल इंजिनात इंधन दाबानेच पेटते, त्यामुळे हा प्रश्न त्या रूपात उद्भवत नाही.

सेन्सर ऐकतो कसा

काही स्फटिक आणि काही खास सिरॅमिक पदार्थ दाबले की त्यांच्या दोन बाजूंमध्ये विजेचा सूक्ष्म दाब तयार होतो. पिएर आणि जाक क्यूरी या भावांनी हा गुणधर्म १८८० मध्ये दाखवून दिला. नॉक सेन्सरच्या पोटात अशा सिरॅमिकची एक कडी असते आणि तिच्यावर धातूचे छोटे वजन बसवलेले असते. इंजिनाचा ब्लॉक थरथरला की ते वजन कडीला दाबते आणि तारेतून काही मिलिव्होल्टचा संकेत इंजिनाच्या संगणकाकडे, म्हणजे ईसीयूकडे, जातो. सेन्सरचे काम इथे संपते. ठोका आला की नाही, हे सेन्सर ठरवत नाही. ते ईसीयू ठरवतो.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पुढचा सारा युक्तिवाद त्यावर उभा आहे. चवथीच्या दिवसांत आरती चालू असताना घुमट, शामेळ आणि कांसाळे यांचा कल्लोळ असतो, तरी जाणकार माणसाला एका घुमटावरची चुकलेली थाप नेमकी कळते. त्याला प्रत्येक वाद्याचा नाद ठाऊक असतो आणि थाप कोणत्या क्षणी पडायला हवी हेही ठाऊक असते. ईसीयू तो जाणकार आहे आणि सेन्सर त्याचा कान आहे. इंजिनात झडपा आपटतात, इंजेक्टर टिकटिकतात, साखळी घरघरते. या गोंगाटातून ईसीयू फक्त ठरावीक कंपनसंख्येचा आवाज गाळून घेतो आणि तोही ठिणगीनंतरच्या ठरावीक क्षणांतच तपासतो.

ही कंपनसंख्या मुख्यतः सिलिंडरच्या व्यासावर ठरते. सिलिंडर जितका रुंद, तितका ठोक्याचा सूर खालचा. ८६ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये ठोक्याची पहिली कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ६,७०० असते, तर आपल्याकडच्या छोट्या बाराशे सीसी गाड्यांत आढळणाऱ्या ७३ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये ती ७,८०० च्या आसपास जाते. ठोका ओळखला की ईसीयू त्या सिलिंडरची ठिणगी क्रँकशाफ्टच्या फेऱ्यातले दोन-तीन अंश उशिरा टाकतो आणि मग हळूहळू मूळ जागी आणतो. गाडी चालवणाऱ्याला यातले काहीच जाणवत नाही.

सेन्सर दोन जातींचे असतात. जुन्या पद्धतीचा सेन्सर एकाच सुराला लावलेला असतो; त्या सुरावर तो जोरात बोलतो आणि इतर आवाजांना जवळपास दाद देत नाही. नव्या पद्धतीचा, मधोमध बोल्ट जाणारा गोल सेन्सर विस्तृत पट्ट्यातले सारे आवाज सारख्या प्रमाणात पोहोचवतो आणि गाळण्याचे काम ईसीयूवर सोपवतो. या दोन जाती एकमेकींच्या जागी चालत नाहीत, मग प्लग कितीही छान बसो.

सगळे बाहेरचे भाग एका माळेचे मणी नव्हेत

‘बाहेरचा’ हा शब्द गॅरेजमध्ये फार सैलपणे वापरला जातो. मोटार बनवणारी कंपनी स्वतः नॉक सेन्सर सहसा बनवत नाही. ती बॉश, डेन्सो किंवा एनटीके यांसारख्या उत्पादकांकडून घेते आणि आपल्या वेष्टनात घालून विकते. तोच उत्पादक तोच सेन्सर स्वतःच्या नावाच्या खोक्यातही विकत असेल, तर तो घेण्यात काहीच गैर नाही आणि तिथे वाचलेले पैसे खरोखरच वाचलेले असतात. माझ्या मते बहुतेक वाहनमालकांसाठी हाच उत्तम मार्ग आहे.

त्यापलीकडचा माल म्हणजे ‘अमुक दहा गाड्यांना बसतो’ असे सांगणारे, उत्पादकाचे नाव नसलेले किंवा कधीही न ऐकलेले सेन्सर, तसेच नामांकित खोक्याची हुबेहूब नक्कल. यांतला एखादा चांगलाही निघेल. पण तो चांगला आहे हे ओळखण्याचे साधन ना दुकानदाराकडे असते, ना मेकॅनिककडे. एका प्रचलित बॉश सेन्सरची संवेदनशीलता दर ‘जी’ला सुमारे २६ मिलिव्होल्ट असते, ‘जी’ म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतके त्वरण. ही संख्या मोजण्यासाठी ठरावीक वेगाने थरथरवणारे यंत्र लागते, जे गॅरेजमध्ये नसते. मल्टिमीटरने फक्त तार तुटली आहे की जोडलेली आहे, एवढे समजते. भंगारातून काढलेल्या सेन्सरबाबत आणखी एक धोका असतो: सिरॅमिक ठिसूळ असते आणि सेन्सर काढताना जमिनीवर आपटला असेल तर आत गेलेला तडा बाहेरून दिसत नाही.

दिवा विझला, म्हणजे काम झाले ना?

हा सर्वात मोठा गैरसमज आहे. दिवा कशामुळे लागतो ते पाहिले तर तो का गैरसमज आहे हे कळेल. तार तुटली, गाडीच्या धातूच्या सांगाड्याला टेकली किंवा इंजिन वेगात फिरत असूनही सेन्सरकडून काहीच आवाज येत नसेल, तर ईसीयूला शंका येते आणि पी ०३२५, पी ०३२७ किंवा पी ०३२८ अशा संकेतांकांपैकी एक नोंदवला जातो. अनेक गाड्यांच्या सेन्सरमध्ये याच तपासणीसाठी एक रोधक (रेझिस्टर) बसवलेला असतो. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत त्याचे मूल्य १२० ते २८० किलोओहम असते, तर निसानच्या अनेक जुन्या इंजिनांत ते साडेपाचशे किलोओहमच्या आसपास असते. सेन्सर खरोखर मेला की ईसीयू सावधगिरीने ठिणगी सरसकट उशिरा टाकतो. गाडी मंद होते, पिकअप जातो, पेट्रोल जास्त लागते. पण इंजिन वाचते.

आता नवा सेन्सर जोडला, त्याचा रोधक जुळला आणि थोडाबहुत आवाजही येऊ लागला, की ईसीयूचे समाधान होते आणि तो सावधगिरी सोडून ठिणगी पुन्हा सीमेजवळ नेतो. हा सेन्सर ठोक्याच्या नेमक्या पट्ट्यात कमी ऐकणारा असेल, तर इंजिन आता आधीपेक्षा जास्त धोक्यात असते आणि दिवा मात्र विझलेला असतो. बंद पडलेला सेन्सर निदान आपण बंद आहोत असे सांगतो. चुकीचा ऐकणारा सेन्सर तेवढेही सांगत नाही. काही ठिकाणी सेन्सरऐवजी नुसता रोधक जोडून दिवा घालवण्याची ‘युक्ती’ सांगितली जाते. ती याच कारणाने वाईट आहे: तिथे ऐकणारा कोणी नाही, फक्त हजेरी लागलेली आहे.

उलट प्रकारची चूकही होते. सेन्सर गरजेपेक्षा जास्त बोलका असेल किंवा झडपांच्या आवाजालाही ठोक्याच्या पट्ट्यात आणून ठेवत असेल, तर ईसीयू विनाकारण ठिणगी मागे घेत राहतो. इंजिनाला इजा होत नाही, पण ‘सेन्सर बदलला तरी गाडी ओढत नाही’ ही तक्रार इथून येते.

ईसीयू जुळवून घेत नाही का?

हा आक्षेप जाणकार मेकॅनिक घेतात आणि त्यात तथ्य आहे. बहुतेक आधुनिक ईसीयू ठोक्याची मोजणी ठाम आकड्याशी न करता इंजिनाच्या नेहमीच्या आवाजाच्या सरासरीशी करतात. ही सरासरी ते सतत नव्याने काढत राहतात, त्यामुळे सेन्सर थोडा मंद किंवा थोडा तेज असला तरी गुणोत्तर फारसे बिघडत नाही आणि वर्षानुवर्षांत होणारा थोडाफार बदल पचतो. संवेदनशीलतेत काही टक्के फरक असलेला बाहेरचा सेन्सर यामुळेच अनेक गाड्यांत बिनबोभाट चालतो.

पण हे जुळवून घेणे सर्व कंपनसंख्यांवर सारखाच फरक असेल तेव्हापुरते आहे. ठोक्याच्या पट्ट्यातच कान बधिर आणि बाकी ठिकाणी तल्लख असेल, तर सरासरी आवाज शाबूत दिसतो आणि ठोका मात्र त्यात बुडतो. चांगल्या सेन्सरचा स्वतःचा नैसर्गिक सूर ऐकायच्या पट्ट्याच्या कितीतरी वर, २५,००० च्याही पुढे, ठेवलेला असतो, तो आवाजात लुडबुड करू नये म्हणून. स्वस्त नकलेत ही काळजी घेतली आहे की नाही, हे खोक्यावर लिहिलेले नसते.

आधी तार, मग सेन्सर

किमतीचा वाद घालण्यापूर्वी सेन्सर खरोखर बिघडला आहे का, हे तपासून घ्यावे. पी ०३२५ हा संकेतांक सेन्सरच्या ‘सर्किट’बद्दल बोलतो आणि सर्किटमध्ये तार, जोडणी, पिना हे सारे येते. गोव्याच्या हवेत ही शंका आधी घ्यायला हवी. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या वाऱ्याने आणि चार महिन्यांच्या पावसाने जोडणीच्या पिनांवर हिरवट थर चढतो. बोटीवर नोकरी करणाऱ्या तारवट्यांच्या गाड्या महिनोन्‌महिने पोर्चमध्ये उभ्या असतात आणि बॉनेटखालची ऊबदार जागा उंदरांना फार आवडते. तारेचे वेष्टन कुरतडलेले सापडणे ही इथल्या गॅरेजांत नवलाची गोष्ट नाही. नॉक सेन्सरच्या तारेला विजेच्या इतर लहरींपासून जपणारे जाळीचे कवच असते. ते तुटून साध्या तारेने सांधले, तर काही मिलिव्होल्टच्या संकेतात इग्निशनचा खडखडाट मिसळतो आणि नव्या सेन्सरलाही दोष चिकटतो.

कधी कधी सेन्सर निर्दोष असतो आणि खरेच सांगत असतो. पिस्टनवर साचलेला कार्बन, कमी झालेला कूलंट, चुकीच्या प्रकारचा स्पार्क प्लग, सैल झालेला इंजिनाचा माउंट किंवा आतून आपटणारा एखादा पत्रा यांपैकी कशानेही ठोका किंवा ठोक्यासारखा आवाज येतो. ऐकणाऱ्याला बदलून हे आवाज थांबत नाहीत.

बसवण्यात एवढे काय?

बरेच काही. अस्सल सेन्सरही चुकीचा बसवला तर नकली ठरतो, कारण ब्लॉकची थरथर त्याच्यापर्यंत बोल्टाच्या दाबातूनच पोहोचते. मधोमध बोल्ट जाणाऱ्या सेन्सरसाठी बोल्ट आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, साधारणपणे २० न्यूटन-मीटर सांगितलेला असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतून घ्यावा आणि टॉर्क रेंचनेच आवळावा. सैल राहिला तर सेन्सर कमी ऐकतो, जास्त आवळला तर सिरॅमिकवर ताण येऊन आवाज बदलतो किंवा ते तडकते. सेन्सर आणि ब्लॉक यांच्यामध्ये वॉशर, रंग, गंज किंवा सीलंट काहीही नको. धातूला धातू टेकला पाहिजे. पावसाळ्यात गंज धरू नये म्हणून तिथे मेणचट लेप देणारे सद्भावी मेकॅनिक असतात, त्यांना नम्रपणे थांबवावे.

काही व्ही आकाराच्या इंजिनांत सेन्सर हवा आत नेणाऱ्या इन्टेक मॅनिफोल्डखाली दडलेला असतो आणि तिथवर पोहोचायलाच अर्धा दिवस जातो. तिथे मजुरी भागापेक्षा जास्त होते. मग भागावर केलेली बचत पुन्हा उघडण्याच्या पहिल्याच फेरीत संपते. सेन्सर सहज हाती लागत असेल, तर हा मुद्दा तितका जड नाही.

दोष इथेनॉलचा तर नाही?

ठोक्यापुरते बोलायचे तर नेमके उलट आहे. इंधन ठोक्याला किती दाद देत नाही, हे ऑक्टेन अंकाने मोजतात. आपल्या साध्या पेट्रोलसाठी बीएस-६ मानकात किमान ९१ अंक सांगितला गेला, तर निव्वळ इथेनॉलचा अंक १०८ च्या आसपास आहे. म्हणजे इथेनॉल मिसळल्याने ठोका येण्याची शक्यता कमी होते. मायलेजची तक्रार वेगळी आणि खरी आहे: लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालातही, इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी रचलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींत वीस टक्के मिश्रणाने इंधनक्षमता ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज दिलेला होता.

एक अपवाद मात्र गोव्यासारख्या दमट प्रदेशात लक्षात ठेवण्यासारखा आहे. इथेनॉल पाणी शोषते. टाकीत पाणी शिरून प्रमाणाबाहेर गेले, तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक घसरतो. अशा पेट्रोलवर इंजिन चालले तर ठोका येऊ शकतो आणि तळातला थर इंजिनात गेला तर गाडी धड चालतच नाही. पावसाळ्यात पेट्रोल भरल्यानंतर लगेच त्रास सुरू झाला असेल, तर सेन्सर बदलण्याआधी टाकीतले पेट्रोल तपासून घेणे शहाणपणाचे.

वॉरंटी जाईल का?

बाहेरचा भाग लावला की साऱ्या गाडीची वॉरंटी संपते, असे अधिकृत सेवा केंद्रांतून सर्रास सांगितले जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दलच. स्वतंत्र गॅरेजमध्ये गेल्याबद्दल सरसकट वॉरंटी नाकारण्याच्या प्रथेवरही आयोगाने बोट ठेवले होते. दंडाच्या रकमेवर पुढे अपिले झाली, पण उत्पादकाचा भाग त्याच्या नावाने बाजारात मिळाला पाहिजे हा त्यातला विचार ग्राहकाच्या बाजूचा होता. व्यवहारात मात्र बाहेरच्या सेन्सरमुळेच पिस्टन गेला असा मुद्दा कंपनीने काढला, तर वाद आपल्याला घालावा लागतो. त्यामुळे गाडी वॉरंटीत असेपर्यंत हे काम सेवा केंद्राकडून करून घेणे सोपे; तो खर्चही बहुधा त्यांच्याच खात्यात जातो.

वॉरंटी संपली असेल, तर जुना सेन्सर हातात घेऊन त्याच्यावर कोरलेला क्रमांक आणि उत्पादकाचे नाव पाहावे आणि त्याच उत्पादकाचा तोच क्रमांक मागावा. क्रमांक बदलून नवा आला असेल, तर उत्पादकाच्या सूचीत तो जुन्याच्या जागी दाखवला आहे का, ते दुकानदाराला दाखवायला सांगावे. बसवल्यानंतर स्कॅनरवर ठिणगी किती अंश मागे घेतली जात आहे, हा आकडा चालत्या गाडीत चढणीवर पाहता येतो. तो सतत शून्यावर गोठलेला असेल किंवा सपाट रस्त्यावरही कायम मोठा दिसत असेल, तर दोन्ही लक्षणे तपासण्याजोगी आहेत. बिलावर उत्पादकाचे नाव आणि भागाचा क्रमांक लिहून घ्यावा. नुसते ‘सेन्सर, १ नग’ असे लिहिलेले बिल घेऊन ग्राहक आयोगात गेल्यास, नेमका कोणता सेन्सर विकला होता हे सिद्ध करण्यातच पहिल्या तारखा जातील.